पाचर काढल्यावर

(टेबल. एक आडवा दिवा. नळीत उतरणारी लाकडी काठी.)

तोंडातून दारू भरायचं जुनं पिस्तूल हातात आलं, की सगळ्यात आधी ही काठी. लाकडाची, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक. नळीत सोडायची, टेकेपर्यंत जाऊ द्यायची आणि नळीच्या तोंडाशी खूण करायची. मग तीच काठी बाहेरून नळीला लावायची. टोक रंजकाच्या छिद्रापर्यंत, म्हणजे नळीच्या मागच्या बाजूला जिथून आग आतल्या दारूला लागते तिथपर्यंत पोचलं, तर नळी रिकामी. दोन बोटं अलीकडेच थांबलं, तर आत काहीतरी आहे. ते कुणीतरी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी ठासलेली दारू आणि गोळीही असू शकतं. काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही.

अस्सल की नक्कल, ते नंतर बघू.

(खोलीतला मोठा दिवा बंद होतो.)

आता टेबलावर दोन पिस्तुलं आहेत. डावीकडचं चकचकीत. उजवीकडचं मळकट, तपकिरी-करडं, मुठीवर ओरखडे. कॅमेऱ्यामागे उभे असलेल्या आमच्या चौघांपैकी तिघांचा हात डावीकडे गेला.

मी घेतलेलं पहिलं पिस्तूलही असंच चमकत होतं. विकणारा म्हणाला, खूप जपून ठेवलंय. जपलं नव्हतं, बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरलं होतं.

दिवा आडवा धरला की ते दिसतं. बघा, अष्टकोनी नळीच्या कडा. कारखान्यातून निघताना त्या सुरीसारख्या धारदार असतात. वापराने कडा झिजते ती ठरावीक जागी: नळीच्या तोंडाशी, जिथे चामड्याची म्यान घासते तिथे. बफने मात्र आठही कडा सारख्याच गोल होतात, आणि सपाट भागावर पाण्यासारख्या लाटा उठतात. त्या लाटा समोरच्या उजेडात लपतात. म्हणून पिस्तूल विकत घ्यायला जाताना खिशात भिंग असो नसो, छोटी टॉर्च हवीच.

अक्षरंही बघा. पंचाने ठोकलेल्या अक्षराच्या काठाशी धातू किंचित वर उचललेला असतो, बोटाच्या टोकाला जाणवतो. पॉलिश केलं की तो उंचवटा जातो, अक्षर उथळ होतं, एक बाजू पुसट. आणि हे दुसरं, साच्यात ओतलेलं अक्षर. काठ गुळगुळीत, तळाशी बारीक खड्डे, जणू साबणावर उमटवलंय.

(पाचर ठोकून बाहेर. नळी सुटते.)

उजवीकडचं पिस्तूल म्हणजे अमेरिकेतल्या कोल्ट कारखान्याचं १८५१ सालचं नेव्ही मॉडेल. नळीचं आतलं माप ०.३६ इंच, लांबी साडेसात इंच. नळी अडकवून ठेवायला एकच पाचर. ती ठोकून काढली की पिस्तुलाचे तीन तुकडे हातात येतात. खरी तपासणी इथून सुरू होते, कारण बाहेरून सगळेच सजवतात, आतून फारसं कुणी सजवत नाही.

नंबर बघा. नळीखाली, सांगाड्यावर, चापाच्या कमानीवर, मुठीच्या पट्टीवर, गोळ्या भरायच्या फिरत्या सिलिंडरवर. या एवढ्याशा पाचरेवरसुद्धा. सगळीकडे एकच नंबर असेल, तर हे तुकडे एकत्र जन्मले. पाचर हरवून नवी बसवलेली असते, ते समजून घेता येतं. सिलिंडर दुसरा असेल, तर किंमतही दुसरी. सगळे नंबर जुळतात, पण एकाच्या आसपास धातू खोलगट लागतोय, तिथे जुना नंबर घासून नवा ठोकलाय. दिवा आडवा धरा, खड्ड्याची सावली पडते. आकड्यांचं वळणही बघा: खऱ्या नंबरातले सगळे ४ सारखे असतात.

आता सिलिंडर फिरतो. हळू फिरवलाय, कारण हे चित्र आम्हाला फार आवडलं. शिडाची जहाजं, धूर, लाटा. १६ मे १८४३ रोजी मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ कांपेचे इथे तेव्हा स्वतंत्र असलेल्या टेक्सासचं आणि मेक्सिकोचं नौदल भिडलं, त्याचं हे दृश्य. न्यूयॉर्कचा कोरीवकार ऑर्म्सबी याने ते पोलादी रोलरवर कोरलं आणि प्रत्येक सिलिंडरवर दाबून उमटवलं गेलं. हातकाम नव्हे, दाब. म्हणून उथळ, म्हणून सगळ्यात आधी पुसलं जाणारं. मुठीचं लाकूड झिजलेलं, नळी तपकिरी, आणि जहाजं मात्र काल काढल्यासारखी ठसठशीत? तर सिलिंडर उपरा आहे, किंवा चित्र नंतर पुन्हा कोरलंय.

(डावीकडचं पिस्तूल, तसंच उघडलेलं.)

डावीकडच्याला कुणीतरी तेजाबाने गंज आणला, मग तो फक्त बाहेरून पुसून चमकवला. जुना गंज जागा निवडतो. खड्ड्यांच्या तळाशी काळा बसतो, हात लागतो तिथे करडा होतो. हा आत सगळीकडे सारखा नारिंगी आहे, अगदी स्क्रूच्या खाचेतही. सांगाड्याखाली भिंगातून बघितलं, तर दोन छोटी अक्षरं: पी, एन. वर एक तारा. इटलीतल्या चाचणीगृहाची ही खूण, काळ्या दारूच्या हत्यारासाठीची. शेजारच्या चौकटीतली दोन अक्षरं वर्ष सांगतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीत अशा प्रतिकृती उघडपणे, प्रामाणिकपणे बनू लागल्या, अजूनही बनतात. लबाडी बनवणाऱ्याची नाही. लबाडी त्यानंतर कानस हातात घेणाऱ्याची. या खुणा घासून टाकलेल्या असतात तेव्हा तिथे एक ओकंबोकं सपाट ठिकाण उरतं, ते शोधा.

जुनं म्हणजे अस्सल असंही नाही. बेल्जियममधल्या लिएजमध्ये कोल्टची पिस्तुलं त्याच काळात बनली, काही परवान्याने, काही परवान्याशिवाय. लंबगोलात ई, एल, जी अशी त्यांची खूण. ती दीडशे-पावणेदोनशे वर्षं जुनी आहेत, घ्यावीतही. फक्त कोल्टच्या भावाने नाही.

(अंधार. चाप ओढला जातो. ठिणग्या.)

हे चकमकीचं पिस्तूल. हा शॉट सात वेळा घेतला. दारू नाही, फक्त गारगोटी पोलादावर आपटते.

१८०७ साली स्कॉटलंडच्या फोर्साइथने ठोक्याने पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं. पुढे अशी दारू भरलेली तांब्याची छोटी टोपी आली आणि चकमकीची पिस्तुलं हजारोंनी टोपीवर बदलली गेली. मग संग्राहक आले, त्यांना चकमकच हवी, तिलाच भाव. तेव्हा तीच पिस्तुलं उलट बदलण्याचा धंदा सुरू झाला. म्हणून रंजकाच्या छिद्राभोवती बघा. खरोखर वापरलेल्या पिस्तुलात तिथलं लोखंड दर बाराच्या आगीने खाल्लेलं असतं, छिद्र थोडं फाकलेलं. इथे ते सुबक गोल आहे, आणि भोवती नाण्यासारखी एक वर्तुळाकार रेघ. टोपीचा भाग जिथे बसवला होता तो खड्डा बुजवलाय.

कुलूप, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, काढून उलटं केलं. आतल्या बाजूला कानशीचे तिरके, एकमेकांना छेदणारे ओरखडे: हाताचं काम. तिथे यंत्राच्या समांतर रेघा किंवा ओतकामाचे बुडबुडे दिसले तर पिस्तूल बंद करून परत द्या. बाहेरच्या शिक्क्यांना भुलू नका. मुकुटाखाली व्हीआर, आणि खाली साल १८२०? व्हीआर म्हणजे राणी व्हिक्टोरिया, आणि ती गादीवर आली १८३७ मध्ये. अशी बिनहिशेबी सालं आणि उलटा छापलेला इंग्रजी एन, पाकिस्तान-अफगाणिस्तान सरहद्दीवरच्या खैबर खिंडीतल्या नकलांत दोन्ही भेटतात.

लाकूड. वर्षानुवर्षं ते आकसतं, म्हणून जुन्या पिस्तुलात धातू लाकडापेक्षा केसभर वर आलेला असतो. लाकूड त्याहून बरंच खाली गेलंय आणि कडा गोल आहेत, तर पॉलिश पेपर फिरलाय.

लुगर या जर्मन पिस्तुलाचं चित्रण आम्हाला मिळालं नाही, म्हणून थोडक्यात: बारीक भागांवर नंबराचे शेवटचे दोन आकडे असतात, आणि जोडीच्या दुसऱ्या मॅगझिनवर, म्हणजे गोळ्यांच्या पेटीवर, बऱ्याचदा नंबरासोबत अधिकचं चिन्ह.

घासलेल्या पिस्तुलाची किंमत कोसळते आणि ती परत येत नाही. परवाना, आयात, हस्तिदंती मुठीचे नियम देशागणिक वेगळे, ते पैसे देण्याआधी विचारून घ्यावेत.

(उजवीकडच्या पिस्तुलाची मूठ सुटते.)

शेवटचा स्क्रू. खाच अरुंद, काठ शाबूत. योग्य मापाचा पेचकस लावला की तो आवाज न करता फिरतो. मुठीची पट्टी बाजूला होते. सांगाड्याचा एवढाच भाग झाकलेला होता. हाडांच्या कोळशात भाजून पोलादावर आणलेले मूळ रंग: निळा, जांभळा, मधासारखा पिवळा, ढगाळ. कारखान्यानंतर त्यांना उजेड क्वचितच लागला असेल.

(सहा सेकंद निवेदन नाही.)

पट्टी परत बसते. स्क्रू परत. पाचर परत, हाताच्या एका ठोक्याने. फडक्याला तेलाचा एक थेंब, बाकी काही नाही.