आधी कंबरेकडे बघा

(दृश्य : पुणे, गुलटेकडीचा मार्केट यार्ड. सकाळ. ट्रकमधून कांद्याची पोती उतरताहेत.)

ॲनिमेशनमध्ये माणूस हलवायचाय? मग चेहऱ्याकडे नको, कंबरेकडे बघा.

ट्रकच्या फाळक्याला पाठ देऊन हमाल उभा राहतो. वरचा गडी पोतं कडेला सरकवतो. ५० किलोचा भार अजून पाठीवर आलेला नाही, पण गुडघे आधीच वाकलेत, पावलं फाकलीत, मान पुढे गेलीये. आता पोतं टेकलं. सगळं अंग किंचित खाली दबलं, आणि मग तो चालू लागला. पावलं छोटी, भरभर. गुडघे पूर्ण सरळ होतच नाहीत.

ॲनिमेशन नुकतंच शिकायला लागलेल्या मुलाला हाच प्रसंग काढायला सांगा. चित्र छान येतं, शर्टाच्या सुरकुत्यासुद्धा येतात. पण माणूस ताठ उभा, आणि हलतात फक्त हात. पोतं थर्माकोलचं वाटतं. वजन दिसतं ते पोत्याखालच्या माणसात, आणि तिथंच नवशिक्यांचं लक्ष नसतं.

(दृश्य : भिंतीवर पट्टी आखलेली. चेंडू पडतो, संथ गतीत.)

एका सेकंदात २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं. छातीच्या उंचीवरून सोडलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो, म्हणजे १२ फ्रेममध्ये. पहिल्या ६ फ्रेममध्ये तो जेमतेम ३० सेंटिमीटर खाली येतो, पुढच्या ६ मध्ये ९०. हे अंतर सारखं वाटून टाकलं की चेंडू पडत नाही, नुसता उतरतो.

(दृश्य : एसटी स्थानक. बसच्या खिडक्यांसमोरून माणसं जाताहेत.)

चालणं याहून अवघड. रोज बघतो, म्हणून ते आपल्याला माहीत आहे असं वाटतं.

फार घाई नसलेला माणूस सेकंदाला साधारण २ पावलं टाकतो. एका पावलाला १२ फ्रेम. टाच टेकते. लगेच गुडघा जरा मुडपतो, भार घेतो, आणि इथे डोकं सगळ्यात खाली असतं. मग तोच पाय सरळ होतो, दुसरा त्याच्या शेजारून पुढे निघतो, तेव्हा डोकं वर. उजवा पाय पुढे तर डावा हात पुढे, एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं. निसटते ती कंबर. जो पाय हवेत, त्या बाजूची कंबर किंचित झुकते, आणि खांदे कंबरेच्या उलट वळतात.

इथे उभं राहून एका वेळी एकच गोष्ट बघायची. आधी फक्त डोकी. मागे बसच्या खिडक्यांची आडवी रेघ आहे, तिच्यावर डोक्यांची वर-खाली स्पष्ट कळते. मग फक्त गुडघे. मग कडेवर मूल घेतलेली ती बाई : कंबर एका अंगाला काढलेली, धड दुसरीकडे कललेलं. सगळं एकदम बघायला गेलं की काहीच हाती लागत नाही.

(दृश्य : रस्त्यावरून बैलजोडी.)

आता सांगा, चालताना बैलाचे पाय कुठल्या क्रमाने पडतात?

डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. बहुतेक विद्यार्थी तिरप्या रेषेतले दोन पाय, म्हणजे डावा मागचा आणि उजवा पुढचा, एकदम उचलतात. ती दुडकी झाली, चालणं नव्हे.

यात शरमण्यासारखं काही नाही. भरधाव घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे फाकून हवेत, अशी चित्रं युरोपातले चित्रकार सर्रास काढत. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोला छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने लावले. चारही पाय हवेत असतात हे खरं निघालं, पण ते पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा. २०१२ मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी चालत्या चतुष्पादांच्या हजार कलाकृती तपासल्या. मायब्रिजच्या आधीच्या काळातल्या ८३.५ टक्के चुकीच्या, नंतरच्या ५७.९ टक्के. आणि आदिमानवाच्या? ४६.२ टक्के. शिकाऱ्याने जनावर बघितलं होतं. पुढच्यांनी बहुधा आधीची चित्रं बघितली, असा आपला माझा तर्क.

(दृश्य : खिडकीच्या कठड्यावर कबूतर.)

हा आणखी एक फसवा. कबूतर मान मागे-पुढे करत चालतं असं वाटतं, पण मागे ते नेतच नाही. मान झटक्यात पुढे जाते, मग डोकं तिथंच स्थिर राहतं आणि धड पुढे येऊन त्याला गाठतं. म्हणून झटक्याला फ्रेम कमी द्यायच्या, थांबण्याला जास्त.

(दृश्य : जुनी छायाचित्रं.)

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करत टिपली होती. घोडा डोळ्याला फार वेगवान, रोप फार संथ. दोघांवर इलाज कॅमेराच. पुढे १९५६ मध्ये क्लेअर वीक्स मुंबईला फिल्म्स डिव्हिजनमध्ये ॲनिमेशन शिकवायला आले. जन्म भारतातला, काम डिस्नेकडे, हरणाच्या पाडसाची गोष्ट सांगणाऱ्या 'बॅम्बी'वरसुद्धा. त्या चित्रपटासाठी स्टुडिओत खरी पाडसं आणली होती, आणि चित्रकार ती बघून रेखाटनं करत. पुढे नावाजलेले भारतीय ॲनिमेटर राम मोहन या वीक्सच्याच हाताखाली तयार झाले.

(दृश्य : विद्यार्थिनीच्या हातात फोन, समोर वही.)

आता कॅमेरा खिशात आहे. फोनवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूट करा आणि दर दहावी फ्रेम उचला, २४ चं टायमिंग आपोआप मिळतं. शूट करताना समोरच्याला विचारा मात्र. राबणारा माणूस फुकटचा मॉडेल नाही.

फ्रेमवर कागद ठेवून गिरवू नका. गिरवलेली हालचाल बरोबर असूनही बहुतेकदा मिळमिळीत वाटते, कारण खऱ्या माणसाचं वजन रेषेत उतरताना थोडं गळतं. अंगठ्याएवढ्या काडीच्या माणसांत चार-पाच पोझ टिपून घ्या. फोन पालथा ठेवा. मग वाकलेला गुडघा होता त्याहून जरा जास्त वाकवा. किती जास्त, ते प्ले करून बघितल्यावरच ठरतं. चेहरा आणि कपडे त्यानंतर.