पालेर्मोचा एक भाटकार

(दृश्य: पालेर्मो शहर. जुनी कृष्णधवल छायाचित्रं. कॅफे, टेबल, ओव्हरकोटातला एक स्थूल गृहस्थ.)

सन १९५५. इटलीच्या दक्षिणेला सिसिली बेट, आणि त्यावरचं पालेर्मो शहर. साठीला टेकलेला एक गृहस्थ रोज सकाळी घराबाहेर पडतो. हातातल्या चामडी बॅगेत पुस्तकं आहेत, वाटेत घेतलेली मिठाई आहे. मात्सारा नावाच्या कॅफेत तो ठरलेल्या जागी बसतो आणि वहीत लिहायला लागतो.

हे जुझेप्पे तोमासी. लाम्पेदुझाचे प्रिन्स, पाल्माचे ड्यूक. जन्म २३ डिसेंबर १८९६. पोटी मूल नाही, त्यामुळे थेट वंश यांच्यापाशीच थांबणार. लाम्पेदुझा बेट घराण्याच्या हातून शंभरेक वर्षांपूर्वीच गेलेलं, नावापुढची पदवी तेवढी उरलेली. नोकरी नाही, धंदा नाही. आयुष्यभर केलं काय, तर वाचलं. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जे हाती येईल ते मूळ भाषेतून वाचलं.

पालेर्मोतला त्यांचा वडिलोपार्जित वाडा ५ एप्रिल १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात जमीनदोस्त झाला. ते ज्या खोलीत जन्मले त्याच खोलीत झोपत असत, आणि मरणही तिथंच येईल याची त्यांना खात्री होती. आठवणी लिहिताना त्यांनी हे नमूद केलं आहे. वाडा गेला तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते. पुढची दहा-अकरा वर्षं त्यांनी एक ओळही छापायला दिली नाही.

मग १९५४ च्या जुलैत मावसभाऊ लुचो पिक्कोलो या कवीबरोबर ते उत्तर इटलीत सान पेल्लेग्रीनोला एका साहित्य संमेलनाला गेले. भावाच्या कवितांची ओळख करून दिली एउजेनिओ मोन्ताले या मोठ्या कवीनं. तिथं देशातले नामवंत लेखक जवळून पाहायला मिळाले. परतल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस कादंबरीला सुरुवात झाली. ती म्हणजे ‘इल गात्तोपार्दो’, इंग्रजीत ‘द लेपर्ड’.

(दृश्य: फोंडा तालुका. कुळागराची वाट. जुन्या घराचं राजांगण, मधोमध तुळस.)

गोव्यात बसून हे का सांगायचं? मी कुळाच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं कसणाऱ्याच्या, घरात वाढलो. आमच्या आजोबांनी भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, पायरीखाली उभं राहून खंडाचं भात कुडवानं मोजून दिलेलं आहे. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, १९६४ साली कूळ कायदा आला, १९७५ साली भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांसाठीचा मुंडकार कायदा, आणि १९७६ च्या दुरुस्तीनं कसणाऱ्याला जमिनीचा मालक ठरवलं. ही कथा गोव्यात दोन तऱ्हांनी ऐकायला मिळते. मोठ्या घराच्या वसरीवर ती गेलेल्या भाटांची, म्हणजे जमिनींची, आणि बुडालेल्या खंडाची तक्रार असते. आमच्यासारख्यांच्या घरी ती सुटकेची गोष्ट असते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून, एकाच दमात, मी कधी ऐकल्या नव्हत्या. त्या मला एका सिसिलियन जमीनदाराच्या पुस्तकात सापडल्या.

कादंबरीचा काळ १८६० चा. त्या वर्षी ११ मे रोजी इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा सेनानी गारिबाल्दी आपल्या हजारभर स्वयंसेवकांनिशी मार्साल्याला उतरला आणि सिसिलीतलं बुर्बों राजघराण्याचं राज्य कोसळलं. नायक डॉन फाब्रित्सिओ, सालिनाचा प्रिन्स. लेखकाचे पणजोबा खगोलशास्त्राचे अभ्यासक होते, त्यांच्यावरून हा घडवलेला. घरात दुर्बीण, गावोगाव जमिनी, आणि सगळं हातातून निसटतंय याची स्वच्छ जाण.

त्यातला एक प्रसंग बघा. प्रिन्स आपल्या गावच्या वाड्यात मेजवानी देतात. गावकऱ्यांकडे समारंभाचा पोशाख नसणार, त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून स्वतः साधे दुपारचे कपडे घालतात. तेवढ्यात मुलगा धावत येऊन सांगतो, डॉन कालोजेरो जिना चढताहेत, लांब शेपटीचा कोट घालून! हा कालोजेरो सेदारा म्हणजे गावचा नवा श्रीमंत, जमिनी गिळत वर आलेला. गारिबाल्दी उतरल्याच्या बातमीनं प्रिन्सना जो धक्का बसला नव्हता तो या कोटानं बसतो. मग कोट समोर येतो. कापड भारी, शिवण पार फसलेली. प्रिन्सना जरा हायसं वाटतं. एक सबंध वर्ग कसा मागे सरतो हे त्या शिंप्याच्या कामात दिसतं. आणि तो क्षुद्र दिलासा लिहिणारा माणूस स्वतः प्रिन्स आहे. स्वतःच्या जातकुळीला इतकं नागडं उभं करायला धैर्य लागतं.

दुसरा प्रसंग गोव्यातल्या मराठी माणसाला चटका लावणारा. सिसिली नव्या इटलीत सामील व्हावी का, यावर मतदान होतं. दोन्नाफुगाता गावचा निकाल सेदारा सज्जातून वाचून दाखवतो: मतदार ५१५, मतदान ५१२, होय ५१२, नाही शून्य. पुढं शिकारीला गेले असताना प्रिन्सचा सोबती, चर्चमधला ऑर्गनवादक चिच्चो तुमेओ, संतापून सांगतो की मी ‘नाही’ म्हटलं होतं. त्याचं मत गिळलं गेलं. डॉन फाब्रित्सिओला कळतं की नव्या राज्याच्या पाळण्यातच काहीतरी मेलं.

आमच्याकडे १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७० मतं पडली, संघप्रदेश राहण्याच्या बाजूनं १,७२,१९१. आमच्या घरचं मत हरणाऱ्या बाजूला होतं. ती हार वडिलांना शेवटपर्यंत बोचत राहिली. पण ते मत मोजलं गेलं, आकड्यात आलं, आजही कुणालाही वाचता येतं. चिच्चोचं दुःख वाचताना मला पहिल्यांदा त्या आकड्याची किंमत कळली.

(दृश्य: हस्तलिखिताची पानं. मग रोम.)

ही कादंबरी त्यांनी कर्करोगाशी झुंजत लिहिली असं सर्रास म्हटलं जातं. तारखा तसं सांगत नाहीत. फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान १९५७ च्या वसंतात झालं. तोवर कादंबरी लिहून झाली होती. नायकाच्या मृत्यूचं प्रकरणही. डॉन फाब्रित्सिओ १८८३ च्या जुलैत मरतो, स्वतःच्या वाड्यात नव्हे, पालेर्मोच्या एका हॉटेलात, समोर समुद्र. पडल्या पडल्या तो आयुष्याचा जमाखर्च मांडतो. लग्नाआधीचे दोन आठवडे, नंतरचे सहा, दुर्बिणीपाशी गेलेले तास, शिकारीचे दिवस. त्र्याहत्तर वर्षांतली खरी जगलेली किती? दोन, फार तर तीन.

लेखक उपचारांसाठी रोमला गेले. तिथं कोबाल्टचे किरणोपचार झाले. २३ जुलै १९५७ रोजी ते गेले. तेही जुलैतच, स्वतःच्या घरापासून दूर.

मोन्दादोरी या प्रकाशनसंस्थेनं १९५६ च्या डिसेंबरातच नकार कळवला होता. दुसरा नकार एलिओ व्हित्तोरिनी या लेखकाचा, तो मृत्यूच्या काही दिवस आधी रोमला पोचला. त्याच सुमारास लिहून ठेवलेल्या शेवटच्या इच्छांमध्ये त्यांनी वारसांना बजावलं होतं: कादंबरी छापली जावी यासाठी जमेल ते करा, पण स्वतःच्या पैशानं छापू नका, तो माझा मोठा अपमान ठरेल.

पुढं जे झालं ते इतरांच्या हातून. फ्रांचेस्को ओर्लान्दो या विद्यार्थ्यानं, ज्याला ते घरी इंग्रजी साहित्य शिकवत, कादंबरी टंकून दिली होती. ती टंकलेली प्रत लेखकाच्या नावाशिवाय फिरत फिरत जोर्जो बास्सानी या कादंबरीकाराकडे आली. प्रत अपुरी आहे असं कळताच तो पालेर्मोला गेला. दत्तक मुलगा जोआक्कीनो लान्झाकडे लेखकाच्या हातची पूर्ण वही होती, ती मिळाली. फेल्त्रिनेल्ली प्रकाशनानं १९५८ च्या नोव्हेंबरात पुस्तक बाजारात आणलं, १९५९ साली त्याला इटलीतला मानाचा स्त्रेगा पुरस्कार मिळाला, आणि आवृत्त्या निघत राहिल्या. वारसांना त्यासाठी एक लिरासुद्धा घालावा लागला नाही.