रानातला काटकोन

पलूस तालुक्यातला हा कृष्णाकाठ. ऊस नुकताच तुटून गेलाय, पाचट अजून रानातच आहे. त्यातून टेप ओढत निघालीत ती सातवीची मुलं, सोबत त्यांचे गणिताचे सर.

सातबारावर या तुकड्याचं क्षेत्र १५ आर १८ चौरस मीटर, म्हणजे १५ गुंठे. लांबी मोजून झाली, ३३० फूट. रुंदी मुद्दाम मोजलेली नाही.

ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात ३३ फुटांच्या साखळीनं जमीन मोजत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो एक गुंठा : १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. म्हणून तर हे गणित तोंडी सुटतं. ३३० फूट म्हणजे १० साखळ्या. पंधराला दहानं भागलं की दीड साखळी, साडेएकोणपन्नास फूट. वहीत १६,३३५ ला ३३० नं भागणाऱ्या या मुलीचं उत्तरही तेच आलंय.

"ताण की लेका, झोळ पडलाय!" रानाचे मालक आजोबा बांधावरून ओरडतात. टेप ताणला. ४९ फूट ४ इंच. बांधाची कड वाकडीतिकडी, दोन इंच इकडेतिकडे व्हायचेच. साडेचार फुटी सरी, अकरा सऱ्या. खोडक्यांच्या ओळी मोजून बघा.

ओढ्याकडचा तुकडा तिकोनी आहे. तीन गुंठे, पाया ९९ फूट. क्षेत्राची दुप्पट सहा, पाया तीन साखळ्या, तर उंची दोन साखळ्या, ६६ फूट. पडताळा घ्यायला मुलं तिरक्या बांधानं टेप धरून निघाली आणि सरांनी तिथंच थांबवलं. फळ्यावरच्या त्रिकोणात उंची ठिपक्यांनी आधीच काढलेली असते. रानात ती शोधावी लागते. भूमिती शिकवायची ती इथं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

ही दोरी पाहा. बारा सारखे भाग, तीन, चार आणि पाच भागांच्या बाजू होतील अशा गाठी. तिघांनी तीन गाठी ताणून धरल्या की काटकोन तयार. तीन भागांची बाजू पायावर ठेवायची आणि दोरी पुढंमागं सरकवत राहायचं, चार भागांची बाजू समोरच्या कोपऱ्यातल्या दगडाच्या रेषेत येईपर्यंत. आता टेप. ६६ फुटांच्या खुणेवर दगड.

वाटणीत रुंदी चुकली की भावकी तालुक्याला हेलपाटे घालते. हद्द ठरवते ती भूमी अभिलेखची मोजणीच. पण नकाशातली रुंदी क्षेत्राशी जुळते का, हे ताडून बघणं या वर्गाला जमतं.