कपाटातलं साहित्य पाइपात

श्रोते हो, नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांमध्ये मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागं एक लोखंडी कपाट असतं. त्यात अंककार्डं, मण्यांच्या माळा, चुंबकं, भिंगं, गुंडाळलेले तक्ते, गोष्टींची पुस्तकं असं बरंच काही असतं. साहित्य मिळत नाही म्हणून आपण ओरडतो, पण मिळालेलं तरी मुलांच्या हाती कितीसं जातं? यात गुरुजींचा किंवा बाईंचा आळस नाही बरं का. दोनशिक्षकी शाळा, एकाच खोलीत पहिली-दुसरी शेजारी शेजारी बसलेली, तिकडं खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा, मोबाइलवर कुठली तरी माहिती तातडीनं भरायची. त्यात किल्ली शोधा, कपाट उघडा, साहित्य वाटा, गोळा करा, मोजा, परत ठेवा. तास त्यातच जातो. मग मार्च येतो तरी खोक्यावरचं प्लास्टिक निघालेलं नसतं.

साहित्य मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर, उघडं आणि ठरलेल्या जागी असलं, की काढायचं आणि ठेवायचं काम मुलं स्वतः करतात. त्यासाठी महागडं फर्निचर लागत नाही. लागतो तो पाण्याचा पीव्हीसी पाइप. त्याचे तुकडे कापून मांडणी करायची, आणि पाइपाला आपल्या मराठवाड्यात तोटा नाही. विहिरीवरून वावरात पाइपलाइन नेली की चार-दोन तुकडे आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीपाशी, पडून राहतात. बोअर आटलं की आख्खी लाइन उकरून काढलेली असते. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय काढून बघा. पैसे म्हटलं की लोक खाली बघतात, पण पाइप म्हटलं की कुणी तरी म्हणतं, उद्या बैलगाडीत टाकून देतो.

आता कुठला पाइप कशाला, ते सांगतो. आपण ज्याला दोन इंची म्हणतो तो 63 मिलिमीटरचा, अडीच इंची 75 चा, तीन इंची 90 चा आणि चार इंची 110 चा. हे माप बाहेरून घेतलेलं असतं. पेन्सिली, खडू, कात्र्या यांना दोन इंची पुरतो. गुंडाळलेल्या तक्त्यांना तीन इंची. पाण्याची लिटरची बाटलीही तीन इंचीत बसते. चार इंची पाइप पुस्तकांसाठी राखून ठेवा, त्याकडं नंतर येतो.

पाइप घेताना दोन गोष्टी बघायच्या. वर्षानुवर्षं बांधावर उन्हात पडलेला पाइप कडक होऊन ठिसूळ झालेला असतो. बोल्टासाठी भोक पाडलं की तडकतो. टोकाचा एक तुकडा कापून पायाखाली दाबून बघा. लवचिकपणे दबला तर चालेल, काचेसारखा फुटला तर भंगारात द्या. दुसरी गोष्ट, ज्या पाइपातून खत किंवा औषध सोडलेलं आहे तो धुऊनसुद्धा शाळेत आणू नका. जुन्या पीव्हीसीत तो टिकावा म्हणून शिशाची संयुगं घालायची पद्धत होती. ती थांबवण्यासाठी केंद्र सरकारनं 2021 साली नियम काढले. म्हणजे आखाड्यावरचा जुना पाइप त्याआधीचा असणार असं धरूनच चालावं. घाबरायचं कारण नाही, पण कापताना निघणारा भुगा मुलांच्या नाकातोंडात जाता कामा नये. कापायचं काम मोठ्यांनी, वर्गाबाहेर, तोंडाला रुमाल बांधून करावं. पातं चालवताना पाणी टाकत राहिलं तर भुगा उडत नाही. तो झाडून काढण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसून घ्यावा. असल्या पाइपात खाण्याची वस्तू ठेवायची नाही.

पाइप सरळ कापणं ही खरी गंमत आहे. डोळ्यानं अंदाज घेऊन कापलेला तुकडा टेबलावर ठेवला की डुलतो. वहीचा लांब कागद घ्या, पाइपाभोवती घट्ट गुंडाळा आणि कागदाची कड कडेवर तंतोतंत बसवा. कड जुळली म्हणजे कागद काटकोनात बसला. त्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारा, मग हॅक्सॉ चालवा. एका दमात आरपार जायचं नाही. थोडं कापायचं, पाइप फिरवायचा, पुन्हा थोडं कापायचं. पातं रेघ सोडत नाही.

आणि इथं पाचवीच्या मुलांना एक गणित घाला. पाइप वीस फुटी, म्हणजे 240 इंच. पेन्सिलीसाठी चार-चार इंचांचे तुकडे किती निघतील? मुलं पटकन साठ म्हणतात. मग प्रत्यक्ष कापायला घ्या. पातं प्रत्येक वेळी साधारण एक मिलिमीटर पाइप खातं. एकोणसाठ काप म्हणजे जवळजवळ सहा सेंटिमीटर भुगा, सव्वादोन इंचांहून जास्त. शेवटचा तुकडा आखूड भरतो. पूर्ण तुकडे एकोणसाठच. हे पुस्तकातल्या उदाहरणात कुठंच नसतं, पण सुताराला विचारा, त्याला पाठ असतं.

कापलेली कड धारदार असते. कानस किंवा पॉलिश पेपर ओला करून मारावा. त्याहून सोपी युक्ती ठिबकच्या नळीची आहे. काळी सोळा मिलिमीटरची लॅटरल घ्या, ब्लेडनं लांबीला चिरा आणि तुकड्याच्या तोंडावर दाबून बसवा. कड झाकते, दिसायलाही बरी दिसते.

जोडकामात बरेच जण चुकतात ते सोल्युशनवर विसंबून. सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचं द्रावण, हे पाइप आणि एल्बो, टी, कपलर असल्या जोडांसाठी असतं. त्यानं पाइप लाकडाला चिकटत नाही, आणि गोल पाइप गोल पाइपाला फक्त एका रेघेवर टेकत असल्यामुळं तो जोडही टिकत नाही. तुकडे एकमेकांना बारीक नट-बोल्टनं, दोन्हीकडं वॉशर घालून जोडा. बोल्टाचं टोक आत टोचेल असं ठेवू नका. सोल्युशन वापरायचंच असेल तर खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास चूल नको, कारण ते पेट घेतं.

एक कळकळीची सूचना. शेतात आपण पाइपाचं टोक जाळावर धरून सॉकेट काढतो. शाळेत ते करू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, डोळे आणि घसा धरतो. पाइप मऊच करायचा असेल तर उकळतं पाणी पुरे. ऐंशी अंशांच्या आसपास पीव्हीसी वळायला लागतं. अर्थात हेही मोठ्यांनीच करायचं काम.

तक्त्यांसाठी तीन इंचीचे दीड फुटी तुकडे मधाच्या पोळ्यासारखे आडवे रचायचे आणि बोल्टनं आवळायचे. तोंड किंचित वर राहील असं पुढच्या बाजूला एक पट्टी सारा, म्हणजे तक्ते घसरून बाहेर येत नाहीत. पेन्सिलीच्या तुकड्यांना बूड लागतं. एंड कॅप पाइपाच्या मानानं महाग पडते, म्हणून सगळे तुकडे एका फळीवर उभे करून आतल्या बाजूनं फळीला जोडा. फळी हेच सगळ्यांचं बूड.

आता पुस्तकं. माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग इथंच होतो. चार इंची पाइपाचा वरचा तिसरा भाग लांबीला काढून टाकायचा, म्हणजे पन्हाळ तयार होते. लांबीची रेघ मारायला लोखंडी अँगलचा तुकडा पाइपावर पालथा ठेवा, तो आपोआप सरळ बसतो. हा काप मात्र प्लंबरकडून कटर मशीननं करून आणा. पन्हाळ भिंतीला गिट्टी-स्क्रूनं, वॉशर घालून बसवायची आणि पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून उभी ठेवायची. कपाटात पुस्तकाचा फक्त कणा दिसतो, आणि अजून वाचता न येणाऱ्या मुलाला कण्यावरून काहीच कळत नाही. वाघाचं चित्र दिसलं की मूल ते पुस्तक हातात घेतं.

उंची पहिलीतल्या मुलावर ठरवा, पाहुण्यांवर नाही. वरची ओळ तीन फुटांच्या वर नको. अधिकारी आले की दिसावं म्हणून पाच फुटांवर टांगलेल्या मांडण्या मी बघितल्या आहेत. ती कपाटाचीच भावंडं. रंगाचंही तसंच. गुळगुळीत पीव्हीसीवर ऑइल पेंट धरत नाही, पोपडे निघतात. त्यापेक्षा तुकड्यावर नेमकं काय ठेवायचं त्याचं चित्र चिकटवा. कात्रीच्या जागी कात्री. मुलं फाटलेलं चित्र स्वतः बदलतात.

फाटतं, हरवतं, तुटतंही. पहिल्या महिन्यात खडू संपतात, मणी खिशातून घरी जातात. म्हणून लगेच कुलूप लावू नका. शनिवारी मुलांकडूनच मोजणी करून घ्या आणि आकडा फळ्यावर लिहा. बरेच मणी सोमवारी परत येतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीचं तेवढं राहिलं. बंद खोलीत पाइपाच्या तुकड्यात पाली, गांधीलमाश्या आणि आपल्याकडचा विंचू हमखास शिरतो. मांडणी जमिनीला टेकलेली नको, वीतभर वर हवी. तक्त्यांच्या पाइपांना मागून बारीक जाळी लावा, आणि एप्रिलअखेर पुढून कापड बांधून टाका. जूनमध्ये शाळा भरायच्या आदल्या दिवशी प्रत्येक तुकडा काठीनं ठोकून, टॉर्च मारून बघा, मगच मुलांना हात घालू द्या.

नमस्कार.