केस पेपरच्या खिडकीपासून उपकेंद्रापर्यंत

(परिचर्या आणि वैद्यकीय नोंदी या विषयांच्या विद्यार्थ्यांसमोर नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत सकाळी केस पेपरच्या रांगेपाशी थांबलं की गावांची नावं कानावर पडत राहतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली तर असतातच; छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगावहूनही माणसं येतात. बहुतेकांचा आजार आधी दोन-तीन ठिकाणी तपासून झालेला असतो. त्याचा इतिहास पिशवीतल्या कागदांत असतो, नाहीतर सोबत आलेल्या मावशीच्या आठवणीत. आरोग्य माहिती प्रणालीचं बरंचसं भवितव्य या रांगेच्या टोकाला, त्या खिडकीवरच ठरतं. म्हणून आज मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

समजा, गडचिरोलीच्या एका गावातली आठ-नऊ वर्षांची मुलगी आली आहे. हातपाय प्रचंड दुखताहेत, अंगात रक्त कमी आहे. ही मुलगी पूर्वी याच रुग्णालयात येऊन गेली होती. पण तेव्हा आडनाव रोमन लिपीत वेगळ्या स्पेलिंगने लिहिलं गेलं, जन्मतारीख माहीत नाही म्हणून १ जानेवारी टाकली गेली आणि मोबाइल नंबर दिला तो मामाचा. आज मामा सोबत नाही. खिडकीवरच्या माणसासमोर रांग वाढते आहे. तो जुनी नोंद शोधतो, सापडत नाही, नवा क्रमांक देतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तेवढ्या वेळात कुणीही हेच केलं असतं. पण आता एका मुलीच्या दोन नोंदी झाल्या. मागच्या महिन्यात तिला रक्त चढवल्याची माहिती पहिल्या नोंदीत आहे आणि डॉक्टर पाहताहेत दुसरी.

याने काय बिघडतं, ते सिकलसेलच्या, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत नीट समजून घेऊ, कारण हा आपल्या विदर्भाचा आजार आहे. गावपातळीवर होते ती सोल्युबिलिटी चाचणी. रक्तात सिकल, म्हणजे या आजारातलं सदोष हिमोग्लोबिन आहे की नाही, एवढंच ती सांगते. वाहक असला, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेला ‘एएस’, तरी ती पॉझिटिव्ह येते आणि प्रत्यक्ष रुग्ण असला, म्हणजे दोष दोघांकडून आलेला ‘एसएस’, तरीही पॉझिटिव्हच. फरक कळतो तो हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीत. आणि त्यातही रुग्णाला अलीकडे रक्त चढवलेलं असेल, तर दात्याचं निरोगी हिमोग्लोबिन मिसळून रुग्ण वाहकासारखा दिसू शकतो. ते रक्त शरीरातून जाईपर्यंत, साधारण तीन महिने, त्या अहवालावर विसंबता येत नाही. म्हणजे खिडकीवर हरवलेली एक नोंद प्रयोगशाळेत जाऊन निदान फिरवू शकते. ‘वाहक आहे, घरी न्या’ असं त्या आईला सांगितलं जाऊ शकतं.

आता रजिस्टरकडे बघा. कित्येक ठिकाणी रकाना एकच असतो: सिकलसेल पॉझिटिव्ह, हो किंवा नाही. वाहकाला सहसा उपचार लागत नाहीत, लग्नाआधी समुपदेशन लागतं. रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया हे औषध लागतं, लसी लागतात, आयुष्यभर पाठपुरावा लागतो. दोघांना एका रकान्यात बसवलं, तर वरचा अधिकारी त्या आकड्यावरून औषधाची मागणी कशी ठरवणार? १ जुलै २०२३ ला देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचं ध्येय आहे. इतक्या मोठ्या कामात कोणती चाचणी केली, कधी केली, निकाल काय आला आणि त्याआधी रक्त चढवलं होतं का, या चार गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या गेल्याच पाहिजेत.

तांत्रिक भाग मी थोडक्यात सांगतो. नळीवर बारकोड लागतो, यंत्र तो वाचतं आणि निकाल थेट प्रयोगशाळेच्या प्रणालीतून वॉर्डात पोहोचतो. मधे कुणी हाताने आकडा टाइप करत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांच्या प्रणालींना एकमेकींचं कळावं म्हणून संदेशांची ठरलेली मांडणी लागते. एचएल-सेव्हन या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८७ पासून अशा मांडण्या घडवल्या. ‘फायर’ (FHIR) ही त्यातली अलीकडची, केंद्राच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही तीच स्वीकारली आहे. तशीच ठरलेली मानकं इतर गोष्टींसाठीही आहेत: चाचण्यांच्या नावांसाठी लॉइंक, निदानांसाठी आयसीडी, एक्स-रे आणि स्कॅनच्या प्रतिमांसाठी डायकॉम. ही नावं परीक्षेपुरती पाठ करू नका. दोन रुग्णालयांनी एकाच चाचणीला दोन नावं दिली, तर मुलीचे मागचे आणि आजचे आकडे एका तक्त्यात येत नाहीत, हे त्यामागचं कारण लक्षात ठेवा.

२७ सप्टेंबर २०२१ ला हे आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यातला आभा क्रमांक, म्हणजे प्रत्येकाचा आरोग्य ओळख क्रमांक, चौदा अंकी आहे. बऱ्याच जणांची समजूत असते की सगळे कागद दिल्लीत एका जागी जमा होतात. तसं नाही. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते आणि रुग्णाने संमती दिली की दुसरं रुग्णालय ती मागवू शकतं. रचना चांगली आहे. पण खिडकीवर आभा जोडला गेला नाही, तर त्या रचनेचा आपल्या मुलीला काडीचा उपयोग नाही. नोंदणीचा क्यूआर कोड भिंतीवर लावून भागत नाही. गडचिरोलीतल्या एटापल्लीहून रात्रभर प्रवास करून आलेल्या, साधा फोन असलेल्या आईपाशी कुणीतरी उठून जायला हवं.

आता मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायची गोष्ट. माहिती वर जाते, खाली येत नाही. २००८ पासून देशात एचएमआयएस ही सरकारी आरोग्य संस्थांचे आकडे गोळा करणारी प्रणाली आहे. उपकेंद्रापासून दर महिन्याला आकडे चढतात: किती प्रसूती, किती लसी, किती तपासण्या. नियोजनासाठी ते हवेतच. पण आमच्या एएनएम ताई, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिका, तीच गरोदर बाई एका रजिस्टरात लिहितात, दुसऱ्यात लिहितात, मग अ‍ॅपमध्ये भरतात आणि त्या बदल्यात त्यांच्या हाती काय पडतं? ‘अहवाल अपूर्ण आहे’ असा फोन. ज्या कामातून स्वतःला काही मिळत नाही ते माणूस उरकून टाकतो आणि मग आकडे अंदाजाने भरले जातात.

उलट टीबीच्या रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या ‘निक्षय’ या सरकारी प्रणालीकडे बघा. तिथे नोंद रुग्णाच्या नावाने होते आणि तिच्या आधारे पोषणाचे पैसे रुग्णाच्या खात्यात येतात. २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. पैसे अडकतात, उशिरा येतात, हे खरं. तरीही रुग्ण स्वतः येऊन विचारतो, ‘सिस्टर, माझं नाव चढलं का?’ आपली नोंद झाली की नाही याची चौकशी रुग्ण करतो आहे, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

एएनएम ताईंनी भरलेल्या माहितीतूनच सोमवारी सकाळी त्यांना यादी मिळायला हवी: या तीन गरोदर बायांचं हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे, या दोन मुलांचं हायड्रॉक्सीयुरिया संपत आलं आहे, या जोडप्यातले दोघंही वाहक आहेत आणि बाई चौथ्या महिन्यात आहे. यासाठी नवं यंत्र लागत नाही. माहिती प्रणालीत आहेच, कुणीतरी ती त्यांच्या दिशेने वळवायची आहे.

शेवटचा मुद्दा गुप्ततेचा. सिकलसेलचा अहवाल बाहेर गेला की मुलींची लग्नं मोडतात. वाहक असणं हा आजार नसूनही मोडतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नावानिशी याद्या टाकणं आजपासून बंद करा, मग ग्रुप कितीही ‘आपल्याच स्टाफचा’ असो. कोणी कोणती नोंद उघडली याची नोंद प्रणालीत राहते. ती दर महिन्याला कुणीतरी तपासायला हवी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती मागतो. ती मागताना पडद्यावरचा इंग्रजी मजकूर दाखवून अंगठा घेऊ नका. आई माडिया ही गडचिरोलीतली आदिवासी भाषा बोलत असेल तर माडिया येणाऱ्या, गावात काम करणाऱ्या आशाताईंना फोन लावा. मुलीचा कोणता अहवाल कोण बघणार आणि कशासाठी, हे त्यांच्याकडून आईला सांगवा. तिने नको म्हटलं, तरी मुलीचे उपचार तसेच चालू राहतील, हेही सांगवा.