एचआयव्हीसह जगताना हृदयाची काळजी

नमस्कार श्रोतेहो. ज्यांना एचआयव्हीची लागण होऊन बरीच वर्षे झाली आहेत, जे औषधे नेमाने घेतात, पण ज्यांचा दिवस बहुतेक बसूनच जातो, अशा प्रौढ व्यक्तींशी आज मला त्यांच्या हृदयाविषयी बोलायचे आहे.

१९९६च्या सुमारास तीन औषधांचे एकत्रित उपचार सुरू होण्यापूर्वी या आजाराची सर्वांत मोठी भीती होती ती शरीर खंगत जाण्याची. त्यामुळे असेल ती शक्ती जपून वापरावी, अंगाला शीण होऊ देऊ नये, अशी समजूत घराघरांत रुजली आणि ती आजही पुष्कळांच्या मनात घर करून आहे. काळ मात्र बदलला आहे. नियमित औषधांनी विषाणू दबून राहतो, माणसे साठी-सत्तरी गाठतात, आणि मग प्रश्न उभा राहतो तो हृदयाचा. कारण एचआयव्ही नसलेल्यांच्या तुलनेत या मंडळींना हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे आढळले आहे.

असे का व्हावे? रक्ताच्या तपासणीत विषाणू सापडेनासा झाला, तरी तो शरीरातून पूर्णपणे गेलेला नसतो. लागणीच्या सुरुवातीच्या काळातच आतड्याच्या अस्तराची हानी झालेली असते आणि तेथून जंतूंचे अंश रक्तात झिरपत राहतात. परिणामी प्रतिकारशक्ती सतत जागी राहते आणि शरीरात मंद आचेवरचा म्हणावा असा दाह वर्षानुवर्षे चालू राहतो. या दाहाने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते आणि तेथे चरबीचे थर साचण्यास वाव मिळतो. काही जुन्या औषधांनी कोलेस्टेरॉल वाढत असे, काही नव्या औषधांवर वजन वाढते. त्यात तंबाखूची भर पडली, तर धोका आणखी वाढतो.

व्यायामाने या साखळीतील सगळ्या कड्या तुटत नाहीत, परंतु बऱ्याच सैल होतात. चालताना रक्ताचा वेग वाढला की रक्तवाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि वाहिन्या सैलावतात. रक्तदाब थोडा उतरतो, स्नायू रक्तातील साखर अधिक चांगल्या रीतीने वापरू लागतात, आणि ऑक्सिजन वापरण्याची शरीराची कमाल क्षमता, म्हणजेच आपण ज्याला दमसास म्हणतो तो, वाढतो. प्रकृती स्थिर असलेल्या व्यक्तींमध्ये अशा व्यायामामुळे सीडी४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, घटल्याचे किंवा विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, वाढल्याचे संशोधनात दिसलेले नाही. व्यायामाने आजार बळावेल, या भीतीपोटी जे घरात बसून आहेत, त्यांनी एवढे वाक्य तरी जरूर लक्षात ठेवावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, असे ते प्रमाण आहे. वर्षानुवर्षे बसून असलेल्या माणसाला हा आकडा ऐकूनच धडकी भरते, हे मी जाणतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की दहा मिनिटांच्या चालण्यापासून आरंभ करावा, कारण अगदीच हालचाल नसलेल्या माणसाने थोडीशी सुरू केली, तरी त्याच्या पदरात पडणारा लाभ मोठा असतो. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग मध्यम समजावा. खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे आणि बसणे हाही मांड्यांचा उत्तम व्यायाम आहे.

औषधांविषयीही थोडे सांगायला हवे. बारा देशांतील ४० ते ७५ वर्षांच्या ७,७६९ एचआयव्हीबाधित व्यक्तींवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पिटाव्हास्टॅटिन या, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील गोळीने हृदयविकाराच्या गंभीर घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. हे यश मोठे आहे. मात्र गोळीने दमसास वाढत नाही आणि स्नायूही बळकट होत नाहीत, म्हणून गोळी सुरू असली तरी चालणे सोडू नये. सगळी स्टॅटिन औषधे एचआयव्हीच्या सगळ्या औषधांबरोबर चालत नाहीत, तेव्हा दुकानातून परस्पर गोळी आणू नये.

ज्यांना आधीपासून हृदयविकार किंवा मधुमेह आहे, त्यांनी व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. चालताना छातीत दडपण आले, वेदना जबड्याकडे किंवा हाताकडे सरकली, एकाएकी धाप लागली किंवा भोवळ आली, तर तेथेच थांबावे आणि काही मिनिटांत बरे वाटले नाही, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा विषाणूभाराच्या अहवालाबरोबर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलही आवर्जून विचारा, आणि आठवड्यात किती मिनिटे चाललात, तेही डॉक्टरांना सांगा. नमस्कार.