पीळ

हा पेरीन पूल. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, ट्विन फॉल्स गावाला लागूनच, आणि खाली स्नेक नदी. पुलावरून पाणी 486 फूट, म्हणजे साधारण 148 मीटर खाली. इथं वर्षभर बेस जंपिंगला, म्हणजे विमानातून नाही तर पुलावरून-कड्यावरून पॅराशूट घेऊन उडी टाकायला, परमिट लागत नाही, म्हणून जगभरातून लोक येतात आणि रेलिंगवरून उड्या टाकतात.

आता हा बघा. उडी टाकली, पायलट शूट, म्हणजे मोठं पॅराशूट ओढून काढणारं छोटं पॅराशूट, फेकलं, कॅनोपी, म्हणजे पॅराशूटची छत्री, उघडली पण... दोऱ्यांना पीळ बसलाय. लहानपणी झोपाळ्यावर बसून गोल गोल फिरायचो ना, डोक्यावर दोऱ्या गुंडाळल्या जायच्या, अगदी तसंच, फक्त हा झोपाळा खाली चाललाय.

सगळे म्हणतात पॅराशूट बिघडलं, पण गडबड बऱ्याचदा उडी टाकणाऱ्याच्या खांद्यात असते. उघडताना एक खांदा खाली राहिला की त्या बाजूच्या रायझरवर, म्हणजे दोऱ्या खांद्याशी जोडणाऱ्या पट्ट्यावर, ताण वेगळा येतो, कॅनोपी तिकडं वळते आणि अंग मात्र मागंच राहतं. उलटंही होतं, उडी टाकतानाच अंगाला गिरकी बसलेली असते, दोऱ्या ताणल्या जातात, वर कॅनोपी सरळ आणि खाली माणूस फिरतोच आहे. पॅराशूटची घडी डावी-उजवी सारखी नसली तर एक बाजू आधी फुगते. पायलट शूटनं तिरकं ओढलं, बाजूचा वारा लागला, कॅनोपी वळवायच्या ब्रेकच्या दोऱ्यांपैकी एखादी आधीच सुटली, तरी तेच.

पीळ बसला की रायझर मानेमागं जवळ येतात, मान वर करता येत नाही, ब्रेकच्या दोऱ्याही त्यातच अडकतात, मग त्यांच्या मुठी, म्हणजे टॉगल, ओढून उपयोग काय? स्कायडायव्हिंगमध्ये उंची असते, रिझर्व्ह, म्हणजे जादा पॅराशूट, असतं. इथं रिझर्व्ह नाही, आणि काहीच उघडलं नाही तर पाणी साडेपाच-सहा सेकंदांवर.

तरी पेरीन बरा, समोर मोकळी दरी आहे. नॉर्वेच्या शेराग कड्यावर पाठीमागं दगडाची भिंत असते, तिथं पीळ किती बसला यापेक्षा कॅनोपीचं तोंड कुठं वळलं याचीच धास्ती जास्त.

आपला हा गडी रायझर दोन्ही हातांनी फाकवतोय, पाय झाडतोय, सायकल चालवल्यासारखे. एक फेरा सुटला... दुसरा... सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण ह्याचा गेला बाबा एकदाचा!

नदीकाठी उतरला, दरीतून चढून वर आला, धापा टाकत. आता वर हिरवळीवर कॅनोपी पसरून बसलाय, एकेक दोरी बोटांतून सरकवत.